सात नंबरच्या खाटेची रिबीन

मेट्रनबाई, आधी चष्मा कपाळावरून खाली ओढा. टेबलाखाली शोधू नका, औषधांच्या कपाटात नाही, कपाळावरच आहे. मेल्यावर माणसाच्या खोडी सुटतात असं मला वाटत नाही, तुमच्या तर नाहीच. आणि मी कोण हे तुम्हाला आठवेपर्यंत अर्धं पत्र संपेल, म्हणून सांगूनच टाकते: बायकांच्या वॉर्डातली ती उंच, काळी आया, बादली आपटत चालायची म्हणून जिला तुम्ही 'बँडवाली' म्हणायचात. आता गुडघे बँड वाजवतात, बादली लागत नाही. तुमचं विसरणं हा आम्हा सगळ्यांच्या करमणुकीचा विषय होता. पण एका दिवशी तुम्ही जे विसरलात म्हणून सगळं हॉस्पिटल म्हणालं, आणि तुम्हीही मान खाली घालून म्हणालात, त्याबद्दल मला काही सांगायचं आहे. ते मी नवऱ्याला सांगितलं नाही, तो गेला. फादरलाही नाही. कुमसाराला बसले की शेजारणीची कोंबडी हाकलल्यापर्यंतची सगळी पापं सांगायची, आणि ह्याच्या दाराशी आले की गुडघे दुखायला लागायचे.

लिहितेय माझी सून. अक्षराचा आणि माझा संबंध तेव्हा नव्हता, आताही नाही. मुलगा इथे दुबईत, देऱ्यात एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात असतो, ही इथल्या हॉस्पिटलात नर्स, आणि मी डिस्कव्हरी गार्डन्समध्ये तिसऱ्या मजल्यावर. इथे आले तेव्हा मला ओळखपत्राच्या कार्डासाठी नेलं आणि काचेवर बोटं दाबायला लावली. माझ्या पुढे टाय लावलेला एक साहेब होता, त्याचाही अंगठा घेतला. मागे एक डॉक्टरीण, तिचाही. पगाराच्या दिवशी निळा अंगठा पदराआड पुसणारी मी, म्हटलं, चला, इथे सगळे माझ्याच शाळेतले. तर आज हिचा ऑफ आहे. मी म्हटलं, मला एक पत्र सांगायचंय. ही म्हणाली, "आई, व्हॉइस नोट करा ना, यल्ला, दोन मिनिटांत जाईल." मी म्हटलं, "जिला पाठवायचं तिच्याकडे फोन नाही." "का, गावी नेटवर्क नाही?" "तेच तर बघायचंय," मी म्हटलं, "आहे की नाही."

झालं ते सिनेमामुळे. माझी नात कॉलेजात सिनेमाचंच काहीतरी शिकते. तिला जुन्या विलायती विनोदी सिनेमांवर निबंध लिहायचा होता. एकाच कंपूने म्हणे ढीगभर काढले होते. नट तेच, फक्त कपडे बदलायचे. कधी शिपाई, कधी पोलीस, आणि ह्या एकात डॉक्टर-नर्सेस. मी सोफ्यावर बसून भेंडी चिरत होते, अर्धं लक्ष टीव्हीकडे. लांबलचक वॉर्ड, दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, खाटांवर टुणटुणीत पुरुष, आजारी एकही नाही. कुणी उशीखाली बाटली लपवतोय, कुणी नर्सच्या मागे लंगडत पळतोय. नात म्हणाली, "आजी, धिस इज सो प्रॉब्लेमॅटिक. दे आर जस्ट चेसिंग नर्सेस." मी म्हटलं, "बाळा, पळणाऱ्या नर्सेसना ते तेव्हाही ठाऊक होतं." आणि मग पडद्यावर एक घाबरट डॉक्टर मागे-मागे सरकायला लागला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हा आता धोब्याच्या गाडीत पडणार." पडला. मळक्या चादरींत डोकं, पाय वर. नात माझ्याकडे बघतच राहिली. "आजी! यू हॅव सीन धिस? व्हेअर?" "चादरीवर," मी म्हटलं. "व्हॉट डू यू मीन, चादरीवर?" मी सांगितलं नाही. कारण तेवढ्यात पडद्यावर, वॉर्डाच्या दारात, ती मेट्रन आली. कडक इस्त्री, छातीवर उलटं घड्याळ, मागे नर्सेसची रांग. सगळ्या वॉर्डाने श्वास आत घेतला. मेट्रनबाई, माझ्या हातातली सुरी खाली गेली, बाजूची उशी सरळ झाली, पाय आत ओढले गेले. नात हसली. "रिलॅक्स, आजी. शी कान्ट सी यू." मला तेवढी खात्री वाटली नाही.

त्या दिवसापासून तुम्ही येता. दुपारी चारला, तुमच्या राउंडच्या वेळेला. घरात कोणी नसतं. लिफ्ट वाजते, मग पॅसेजमध्ये रबरी टाचांचा आवाज, उजवा बूट मुका आणि डावा कुरकुरणारा. दुबईत इतकी माणसं आणि इतके बूट, पण असा डावा बूट दुसरा कोणाचा असेल? मी उठते. चादरीचे कोपरे खोचते, बेसिनचा नळ पुसून चमकवते, पाण्याच्या ग्लासावर बशी झाकते. बूट दाराशी येऊन थांबतात. बेल वाजत नाही. मी दार उघडत नाही. थोड्या वेळाने बूट परत जातात, पुढच्या वॉर्डाला. परवा ही लवकर घरी आली, मला चादरी खोचताना पाहिलं आणि म्हणाली, "आई, कोणी येणार आहे का?" मी म्हटलं, "राउंड आहे." हिने माझं ब्लडप्रेशर घेतलं.

रिबिनींचं आधी सांगते, म्हणजे हिलाही कळेल. खाटेच्या पायथ्याशी पत्र्याच्या चौकटीत पेशंटचं कार्ड असायचं. कोणाला काय द्यायचं, काय नाही, सगळं त्यावर. मला नोकरीला लागून महिना झाला असेल. तुम्ही ओरडलात, "कार्ड वाचून दूध दे गं," आणि मी कार्ड हातात घेऊन मोठ्या ऐटीत बघत उभी राहिले. उलटं. तुम्ही जवळ आलात. ते माझ्या हातातून घेतलंत, सुलटं केलंत, परत माझ्या हातात दिलंत, आणि पुढच्या खाटेकडे गेलात. एरवी चमचा पडला तर गेटपर्यंत ऐकू जाईल असं बोलणाऱ्या तुम्ही. पुढच्या सोमवारी कार्डांना रिबिनी आल्या. पांढरी म्हणजे फक्त दूध, पिवळी म्हणजे बिनमिठाचं, लाल म्हणजे तोंडात काहीच घालायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही, ऑपरेशन आहे. डॉक्टरांना दारातून दिसावं म्हणून, असं तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. रोज सकाळी तुम्ही स्वतः बांधायचात. डॉक्टर दारातून काही बघत नव्हते, ते पेपर बघायचे. मला ठाऊक होतं त्या कोणासाठी होत्या. ही आता लिहिता लिहिता म्हणतेय, "आई, आमच्याकडे पण असंच आहे. पेशंटच्या मनगटाला रंगीत बँड. मला वाटलं हे अमेरिकेहून आलं." लिही, म्हटलं, आमच्या खाडीकाठावरून आलं.

बाकीच्या रिबिनी सुती नाडीच्या होत्या. लाल तेवढी सॅटिनची. तुम्हीच जत्रेतून आणली होती. चमकायची.

मग तो शनिवार. विलायतेहून शिकून आलेल्या नव्या डॉक्टरने सिनेमाचं मशीन आणलं होतं. तीन वाजता नर्सेसच्या जेवणघरात, खिडक्यांना कांबळी लावून, भिंतीवर हॉस्पिटलची चादर ताणून. चादरीला मधोमध ठिगळ होतं, आणि जो नट मधे यायचा त्याच्या तोंडावर ते यायचं. वॉर्डात एक शिकाऊ नर्स ठेवून बाकी सगळ्यांना सुट्टी, हे तुमचं औदार्य. पाच वाजता फक्त एक ऑपरेशन होतं. सात नंबरच्या खाटेवरची कोळीण, बेंबीपाशी हर्निया. सकाळपासून उपाशी, आणि तोंड तेवढंच मोकळं. "अगं बाई, पोटातले कावळे ओरडून ओरडून आता उडून गेले," म्हणत होती. माझं वय एकोणीस. मी आयुष्यात सिनेमा बघितला नव्हता. धुतलेलं लुगडं नेसले, तेल लावलं, वेणी घातली.

इथे, मेट्रनबाई, मी हिला सांगितलं, "लिही, अडीच वाजता एका आयेने सात नंबरच्या कार्डावरची लाल रिबीन सोडली आणि आपल्या वेणीला बांधली." हिचं पेन थांबलं.

"कुठल्या आयेने?"

"होती एक."

"आई, फास्टिंगवरच्या पेशंटची? ती काय वेडी होती?"

"वेडी नव्हती. तिला सिनेमाला जायचं होतं. सिनेमा संपला की परत बांधणार होती."

"मग बांधली?"

ही इथे हॉस्पिटलात सगळ्यांना सांगत असते, माझ्या सासूने एकतीस वर्षं वॉर्डात काढली, शिकलेली नाही पण आमच्यापेक्षा तिला जास्त कळतं. ह्या पेनाच्या मागे माझी तेवढीच पुंजी आहे. ती जाईल तर जाऊ दे, पण हा कागद खोटा झाला तर सांगण्यात काय अर्थ? मी म्हटलं, "'एका आयेने' खोड. 'मी' लिही."

हिने खोडलं. हिने 'मी' लिहिलं. मला वाचता येत नाही, पण एवढं छोटं अक्षर दुसरं काय असणार?

मी रिबीन सोडत होते तेव्हा कोळणीने डोळे उघडले. "काढलीस? सुटले गं बाई," म्हणाली. तिला वाटलं, उपास संपला, आज ऑपरेशन नाही. तिला काय वाटलं हे मला कळायला हवं होतं. आयेलाच कळतं ते, डॉक्टरला नाही. मी नुसती हसले तिच्याकडे बघून आणि निघाले. साडेतीनला चहाची गाडी आली. स्वयंपाकघरातल्या माणसाने कार्ड पाहिलं, रिबीन नाही. त्याने चहा दिला, पाव दिला. तिने आणखी एक मागितला, त्याने तोही दिला.

तेव्हा मी कुठे होते? चादरीसमोर, तिसऱ्या बाकावर. तुम्ही बरोबर माझ्या मागे. चादरीवर ती मेट्रन आली आणि सगळ्यांच्या माना वळल्या, तुमच्याकडे. आता काय होणार? आणि तुम्ही म्हणालात, "अगं, ही माझ्यापेक्षा बरी, हिला चष्मा शोधायला माणसं लागत नाहीत," आणि जे हसायला लागलात ते थांबेनात. सगळे हसले. मी हसले. तुमच्या नाकासमोर हातभर अंतरावर माझी वेणी होती, आणि वेणीत ती.

सिनेमा संपल्यावर मी धावत वॉर्डात गेले. खाट रिकामी होती. तिला थोडी आधीच ऑपरेशन थिएटरमध्ये नेली होती. उशीवर पावाचा चुरा होता. मी तो झटकला. आयेचा हात आधी झटकतो, डोकं मागून येतं. डोकं आलं तेव्हा मी रिबीन ओढून काढली, पोलक्यात कोंबली आणि थिएटरकडे गेले. दार बंद. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मी हात वर केला दार वाजवायला. मेट्रनबाई, तो हात मी अजून खाली आणलेला नाही असं कधीकधी वाटतं. पण वाजवलं नाही. वाजवलं असतं तर विचारलं असतं, तुला कसं माहीत? तेवढ्यासाठी नाही वाजवलं. आत तिला गुंगीत उलटी झाली आणि ती छातीत उतरली.

"पेशंट?" हिने विचारलं. नर्स आहे, आधी तेच विचारणार. सांगितलं, जगली. तेरा दिवस तापात होती, श्वास घेताना छातीत शिट्टी वाजायची, मी तिचं अंग पुसायचे. मग घरी गेली. बोलायची आधीसारखीच, पण दम लागायचा, मधे थांबायची. हिने पेन खाली ठेवलं, पाणी प्यायली, माझ्याकडे बघितलं नाही, परत पेन घेतलं.

चौकशीची कमिटी बसली तेव्हा कोळीण अजून तापात होती, आणि नंतर तिला कोणी काही विचारलं नाही. पेशंटला कोण विचारतं? चहावाला शपथेवर म्हणाला, कार्डाला रिबीन नव्हती. खरंच नव्हती. सकाळी ती पाहिलेल्या आणखीही दोघीतिघी होत्या, पण साहेबांसमोर कोणाला काही आठवेना. आम्ही पॅसेजमध्ये उभ्या, दार अर्धं उघडं. तुम्हाला विचारलं, तुम्ही बांधली होती का? तुम्ही चष्मा काढून पुसलात. मग म्हणालात, "बांधली असं मला वाटतं. पण तो नव्हती म्हणतो, म्हणजे मी विसरले असेन." आत कोणीतरी हसलं सुद्धा, हळूच. मेट्रनबाईंचं विसरणं कोणाला माहीत नव्हतं? जानेवारीत तुम्हाला घाटावरच्या एका लहान दवाखान्यात पाठवलं, मेट्रन म्हणून नाही, साधी नर्स म्हणून. तुम्ही निघालात तेव्हा मी तुमची ट्रंक उचलून टांग्यात ठेवली. तुम्ही म्हणालात, "बँडवाली, बादली हळू ठेवत जा." रिबीन माझ्या पोलक्यातच होती.

मग मी एक गोष्ट रचली, आणि तिच्या जोरावर वर्षानुवर्षं नोकरी केली. गोष्ट अशी, की तुम्ही वेणीतली रिबीन पाहिली होती. तुम्हाला सगळं ठाऊक होतं, आणि तुम्ही पोरीला वाचवायला आळ आपल्यावर घेतला. किती छान गोष्ट! तुम्ही गेल्याचं कळल्यावर दर वर्षी मेलेल्यांच्या सणाला तुमच्या नावाने मेणबत्ती लावायचे आणि आभार मानायचे. त्यात माझा गुन्हा लहान व्हायचा आणि तुम्ही मोठ्या व्हायचात, दोघींचंही भलं.

पुढे कधीतरी घाटावरच्या त्या दवाखान्यातून एक नर्स बदलून आमच्याकडे आली. तुम्ही तेव्हा गेलेल्या होतात. जेवताना तिने सहज सांगितलं, "आमच्याकडे एक म्हातारी सिस्टर होती, वेडसर. सकाळी आली की शाईने हातावर लिहायची, कोणाला काय द्यायचं, काय नाही. तळहात भरला की मनगट, मग कोपरापर्यंत. एकच गोष्ट तीन-तीनदा. आम्ही हसायचो. म्हणायची, मी विसरते गं, माझ्या हातून एकदा एक बाई मरता मरता राहिली." माझ्या हातातला घास तसाच राहिला. ज्या माणसाने दुसऱ्याचा आळ घेतलेला असतो तो कोपरापर्यंत लिहीत नाही. तुम्ही काही पाहिलं नव्हतं. हसता हसता डोळे पुसायला चष्मा वर चढवला असेल. तुम्ही मला वाचवलं नाही. तुम्हाला खरंच वाटलं, तुम्ही विसरलात. आणि तसंच वाटत तुम्ही मेलात.

हे कळल्यालाही चाळीस वर्षं होत आली. तेव्हा तरी सांगायचं होतं कोणाला? पण आता तुम्ही दाराशी येता, आणि त्या बुटांवरून मला कळतं की तुम्ही अजून एकेक गोष्ट दोनदा तपासत फिरता. म्हणून, सूनबाई, हे मोठ्या अक्षरात लिही: मेट्रनबाई, तुम्ही विसरला नव्हता. शनिवारी सकाळी सात नंबरच्या कार्डाला लाल रिबीन तुम्ही बांधली होती. दोन गाठी मारून. नखांनी सुटेना म्हणून मी दातांनी सोडवली. आता तो हात धुवा.

ही विचारतेय, "पत्ता काय घालू?" मी म्हटलं, घालू नकोस, पाकीटही नको. ही म्हणाली, "मग राहू दे का असंच?" राहू दे. आणि जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "आई, उद्या चारला मी घरी असेन. ड्यूटी बदलून घेते." इन्शाल्ला, मी म्हटलं, तुझी मेट्रन देईल तर.

एक राहिलं, मेट्रनबाई. नातीने सिनेमा लावला आणि तो डॉक्टर चादरींत पडला तेव्हा मी हसले. नातीच्या आधी. बरोबर त्या दिवशी हसले होते त्याच जागी, जेव्हा तिकडे सात नंबर चहात पाव बुडवत होती. सगळं ठाऊक असूनही हसले, आणि परत लावला तर परत हसेन.

खलास. नाही, थांब, कागद उरलाय तर खाली तुझ्या नणंदेला लिही, वेगळा कागद कशाला वाया? लिही, पुढच्या आठवड्यात वसईहून तुझ्या दिराचा मित्र येतोय त्याच्याबरोबर सुकेळी पाठव. सुकवलेल्या राजेळी केळ्यांची, केळीच्या सुक्या पानात बांधलेली, बोटाने दाबली तर दबतील अशी. कडक नकोत. चार वाजता एक म्हाताऱ्या बाई येतात, दार उघडलं तर समोर काहीतरी ठेवायला हवं, आणि इथले खजूर त्यांच्या दातांत अडकतील.